उसनं कडं

भाकरी थापताना मनगटात काही चालत नाही. काचेच्या बांगड्यासुद्धा कोपराकडं सारून वर फडकं गुंडाळावं लागतं, नाहीतर पीठ बांगडीत जातं आणि बांगडी भाकरीत. सोलापुरात पोटासाठी दिवसाला दीड-दोनशे भाकऱ्या थापणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला लागत नाही. पण चाळिशीवरच्या सगळ्यांना सरकारी कडी वाटायचं ठरलं, तेव्हा ही गोष्ट वर कुणाच्या डोक्यात आली नसावी.

कागदावर त्याचं नाव होतं नाडीकंकण. बाया सरळ कडं म्हणायच्या. दिसायला करड्या रबराची पाटली. आतल्या अंगाला हिरवा दिवा. तो कातडीतून आत डोकवायचा आणि रक्त कसं पळतंय ते बघायचा. माणूस चालला की पाऊल किती जोरानं पडतंय त्यावरून वजनाचा अंदाज बांधायचा. हे सगळं त्यानं मनात ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण कड्याला तोंड होतं. बाईच्या आवाजात, शुद्ध पुस्तकी मराठीत ते चारचौघांत बोलायचं. त्या आवाजाचं नाव बायांनी मास्तरीण ठेवलं होतं.

"सुगलाबाई," मास्तरीण म्हणाली, "आज सकाळपासून आपण दोन हजार एकशे पावले चालला आहात. नाडी जलद, व्यायाम उत्तम. असेच चालू ठेवा."

भाकरी केंद्रात हशा पिकला. कारण सुगलाबाई कोरे सकाळी सातला काठवटीपुढं बसली होती ती अजून उठलीच नव्हती. चालत होती निलव्वा. कडं निलव्वाच्या हातात होतं.

"बघ अक्का," भाकऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन माळवदाच्या जिन्याकडं जाता जाता निलव्वा म्हणाली, "चालायचं म्या, आणि शाबासकी तुला."

"मग तू माझ्या वाटणीचं जेव की. तेवढंच काय ते राहिलंय."

हे असं अकरा महिने चाललं होतं. कडक भाकरी करायची म्हणजे तव्यावरनं काढली की ती माळवदावर उन्हात पसरायची, पापडासारखी वाजली पाहिजे. सुगलाबाई थापायची, दुसऱ्या दोघी भाजायच्या, आणि निलव्वा पाट्या वर न्यायची, खाली आणायची. अठरा पायऱ्या. दिवसातनं चाळीस खेपा तरी. कडं हातातनं काढून खुंटीला अडकवलं की तासाभरात मास्तरीण ओरडायला लागायची, "कंकण धारण करा! कंकण धारण करा!" म्हणून पहिल्या आठवड्यातच सुगलाबाईनं ते निलव्वाच्या हातात चढवलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. लग्नाकार्याला एकीची बोरमाळ दुसरीच्या गळ्यात जातेच की. आपल्या बायांत दागिना असाच फिरतो. आणि निलव्वाला तर ते मिरवायला आवडायचंच, कारण तिला स्वतःचं कडं मिळालं नव्हतं. ती सीमेपलीकडची, कर्नाटकातल्या इंडीकडची. नवऱ्यामागं इकडं आली, नवरा गेला, कागद तिकडंच राहिले. सरकारच्या यादीत ती कुठंच नव्हती.

आता खरं सांगायचं तर पीठ हे निम्मं कारण. दुसरं निम्मं सुगलाबाई कुणाला सांगत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी तिचा कान दुखत होता. नुसता कान. हायवेच्या पलीकडं नवीन आरोग्य केंद्र झालं होतं. त्याच्या दारात जमिनीत एक लोखंडी चौकोन बसवलेला. नाव मोठं होतं, तोलशिळा, पण लोक पाटच म्हणायचे. पाटावर उभं राहिल्याशिवाय दार उघडत नव्हतं. सुगलाबाई उभी राहिली. आणि हीच मास्तरीण पाटातनं अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी बोलली, "वजन शहाण्णव किलो. आदर्श वजनापेक्षा अडतीस किलो अधिक."

मागं वीसबावीस माणसं होती. त्यात सुगलाबाईचे व्याही. लेकीचे सासरे. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच मान वळवली आणि भिंतीवरची पाटी वाचायला घेतली. पाटी गरोदर बायांच्या लशीची होती. ते दोनदा वाचत राहिले.

मग उपदेश सुरू झाला. पूर्ण अकरा मिनिटं. तेल किती, भात किती, भाकरी किती. सुगलाबाई मधेच म्हणाली, "अहो, माझा कान..." तर मास्तरीण म्हणाली, "उपदेश संपल्यावर कृपया 'समजले' असे म्हणावे." तो नियमच होता. ज्याचं वजन जास्त त्यानं उपदेश ऐकायचा, समजले म्हणायचं, मग दार उघडणार. सुगलाबाईनं खाली बघून समजले म्हटलं. आत कानाचे थेंब मिळाले, वजनाच्या सूचनांचा चारपानी कागद मिळाला, आणि कानात कुणी डोकावलं नाही ते नाहीच.

त्या दिवसापासनं ती डॉक्टरची पायरी चढली नाही. तव्याचा चटका बसून मनगटाला फोड आला, गेली नाही. पावसाळ्यात तापानं चार दिवस अंथरुणात होती, गेली नाही. नवरा मल्लिनाथ रिक्षा दारात आणून उभा राहिला तर म्हणाली, "माझं मी बरी होते. मला त्या पाटावर न्यायचं असलं तर मेल्यावर न्या."

आणि मग हे कडं आलं. निलव्वाच्या हातात गेलं, आणि चमत्कार झाला. निलव्वा म्हणजे चव्वेचाळीस किलोची काटकी. कडं रोज थोडा थोडा अंदाज बदलत गेलं, आणि चार महिन्यांत त्याच्या हिशेबानं सुगलाबाईचं वजन पन्नासच्या वर किलोंनी उतरलं. आरोग्य केंद्राकडनं अभिनंदनाचा निरोप आला. चालायचे बूट बक्षीस आले. बाया पोट धरून हसल्या. कुठल्याही म्हातारीनं सांगितलं असतं की बाई चार महिन्यांत निम्मी होत असेल तर पळत जाऊन तिचं दार वाजवा. पण मास्तरणीला एवढंच शिकवलेलं, की उतरलं म्हणजे चांगलं.

त्या बुधवारी दहाच्या सुमाराला निलव्वा पाटी घेऊन जिन्यात होती. कडं बोललं. पण आवाज निराळा होता. हळू. घरातल्या माणसानं बोलावं तसा.

"सुगलाबाई, आहात तिथेच बसा. हातातले ओझे खाली ठेवा."

थापायचे हात थांबले. तव्यावरच्या दोघींनी मागं बघितलं.

"आपल्या हृदयाचा ताल बिघडला आहे. ठोके एकशे बावन्न, आणि अनियमित. हृदयातली एक झडप नीट उघडत नसावी. फुप्फुसांत पाणी उतरू लागले आहे. दोन तासांच्या आत आरोग्य केंद्रात या. एकट्या येऊ नका."

भाकरी केंद्रातल्या सगळ्या बायांनी सुगलाबाईकडं बघितलं. नाव तिचं होतं ना. निलव्वा जिन्यातनं खाली आली, पाटी ठेवली, आणि तिनंही सुगलाबाईकडंच बघितलं. तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं.

"अक्का, काय म्हणायलंय गं हे तुला?"

"मला न्हाई, निले. हात तुझा हाय."

"नाव तर तुझं घेतलं की! एवढं शिकलेलं यंत्र, त्याला कळत न्हाई व्हय? मला काय धाड भरलीया? बारीक माणसाला हार्ट येत असतंय का कधी?"

मालकीण भौरम्मा गल्ल्यावरनं उठून आली. "काही न्हाई गं. मागल्या महिन्यात तिप्पव्वाचं कडं तव्याजवळ राहिलं, तर तिला एकशे नऊ ताप हाय म्हणालं. तापलं असंल. काढून ठेवा तिकडं आणि हात चालवा. तीनशे भाकऱ्या जायच्यात आज."

सुगलाबाईला असलंच कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. तिनं ते वाक्य पडत्या माणसानं दोर धरावा तसं धरलं. "तेच की. तापलं असंल." निलव्वाच्या हातातनं कडं काढलं, फडक्यात गुंडाळलं, आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खाली दाबून वर झाकण लावलं.

निलव्वानं पाटी उचलली. काम सुरू झालं.

पण डब्यातनं आवाज येत होता. पिठातनं दबलेला, विहिरीतनं यावा तसा. "सुगलाबाई... एक तास पन्नास मिनिटे." बायांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. थापण्याचा आवाज जरा मोठा झाला. पाचसात भाकऱ्या झाल्या की परत, "सुगलाबाई... एक तास चाळीस मिनिटे."

सुगलाबाईची भाकरी फाटली. तीस वर्षांत तिची भाकरी फाटली नव्हती. तिनं गोळा परत मळला, परत थापला, परत काठाला चीर गेली. चीर कशानं जातेय हे तिला पक्कं कळत होतं. ती निलव्वाला बघत होती.

निलव्वा चौथ्या पायरीवर थांबली. भिंतीला हात लावला. सातव्या पायरीवर परत थांबली. असं थांबणं आजचं नव्हतं. दिवाळीपासनं ती जिन्यात थांबत होती. संक्रांतीपासनं म्हणत होती, "आडवं पडलं की दम कोंडतंय बघ, पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपते," आणि सगळ्या हसल्या होत्या. पायाला सूज होती, तर चप्पल घालायचं सोडलं होतं. सुगलाबाईनं हे सगळं बघितलं होतं. बघून काय म्हणाली होती ती? "जरा खात जा गं."

निलव्वा खाली आली. ओठ जांभळट दिसत होते. "ऊन हाय लई," ती हसून म्हणाली.

"सुगलाबाई... एक तास दहा मिनिटे."

सुगलाबाई उठायला गेली आणि उठलीच नाही. पाट डोळ्यापुढं आला. रांग आली. शहाण्णव झाले होते तेव्हा, आता तर शंभराच्या वर असणार. वर ते पन्नास किलोंचं खोटं. बक्षिसाचे बूट. उपदेश अकरा मिनिटांचा नसणार, तासाचा असणार, आणि तो पुरा होईस्तोवर दार बंद. लोकांना हसू येईल, पण एक मैत्रीण डोळ्यादेखत मरतेय हे ठाऊक असलेली बाई नुसत्या एका लोखंडी चौकोनाला भिऊन बसून राहिली. पाच भाकऱ्या थापेपर्यंत बसली. त्या पाच भाकऱ्या तिला पुढं जन्मभर आठवणार होत्या.

मग तिनं पिठाचा डबा उघडला, कोपरापर्यंत हात घातला आणि कडं बाहेर काढलं.

"निले, चल."

"कुठं?"

"केंद्रात. एकटी येऊ नको म्हणालंय. सोबत चल माझ्या."

निलव्वानं पदर खोचला. "मी म्हणतच होते. चल, भिऊ नको अक्का, मी हाय की संगट."

रिक्षात सुगलाबाईनं गुपचूप कडं निलव्वाच्या हातात घातलं. हिरवा दिवा लागला आणि मास्तरीण लगेच म्हणाली, "ठोके एकशे अडुसष्ट." निलव्वा सुगलाबाईच्या पाठीवर हात फिरवत होती. स्वतः एकेक शब्द श्वास घेऊन बोलत होती. "काही... हुत न्हाई तुला. देवाला... बोलले मी."

सुगलाबाईच्या डोक्यात एक युक्ती आली होती. निलव्वाचं यादीत नाव नाही. तिच्यासाठी दार उघडणार नाही, नाव-गाव-आधार विचारण्यातच वेळ जाईल. आपलं कडं घालून तिलाच पाटावर उभं करावं तर ती खरं नाव सांगून बसेल, तिच्या लेखी आजारी अक्काच. त्यापेक्षा आपल्या नावानं आपण आत शिरायचं, डॉक्टरचा हात धरायचा आणि कानात सांगायचं, की बाहेर ती बारीक बाई बसलीय, ती खरी आजारी. रांगेतल्या कुणाला कळणार नाही. कडं उसनं दिल्याचं कळणार नाही. युक्ती तिला फार चांगली वाटली. भ्यालेल्या माणसाला युक्ती नेहमी चांगलीच वाटते.

दारात तिनं कडं परत काढून मुठीत घेतलं. निलव्वाला बाकावर बसवलं. आणि पाटावर उभी राहिली. मागं माणसं होतीच. तिनं डोळे मिटले.

"सुगलाबाई कोरे. वजन एकशे दोन किलो."

कुणीतरी घसा खाकरला. ती उपदेशाची वाट बघत राहिली.

उपदेश आला नाही.

"मागील नोंदीपेक्षा अठ्ठावन्न किलो अधिक," मास्तरीण म्हणाली. "शरीरात वेगाने पाणी साचले आहे. हृदय निकामी होण्याचा धोका. तातडीची अवस्था." वर तांबडा दिवा लागला. दार आपण होऊन सरकलं. "घाबरू नका, सुगलाबाई. आम्ही आहोत."

यंत्राचा हिशेब त्याच्या परीनं सरळ होता. सकाळी ही बाई चव्वेचाळीस किलोची होती. आता एकशे दोनची आहे. काळीज बिघडलेल्या माणसाच्या अंगात पाणी साठतं हे त्याला शिकवलेलं. मग हे सगळं पाणीच. कडं एकाचं आणि अंग दुसऱ्याचं असेल, ही शक्यता त्याच्या कुठल्याच कप्प्यात नव्हती.

दोन माणसांनी तिला चाकांच्या खुर्चीत बसवलं. दार मागं बंद झालं. काचेपलीकडं निलव्वानं हात वर करून हलवला.

आत सगळं पटापट झालं. खाट, नाकात नळी, हाताला सुई. मुठीतलं कडं काढून उशाशी ठेवलं. सिस्टर मऊ आवाजात म्हणाली, "मावशी, शांत पडा."

"बाई, ऐका, ते कडं..."

"बोलू नका मावशी, दम लागेल. आम्ही आहोत ना." तिनं सुगलाबाईच्या कपाळावरचं पीठ पुसलं.

आणि एक गोष्ट सुगलाबाईनं पुढं कुणाला सांगितली नाही. त्या एका क्षणाला तिला बरं वाटलं. दवाखान्यात तिला कुणी कधी असा हात लावला नव्हता. कुणी काही बोललं नाही, टोमणा नाही, कागद नाही. आजारी माणूस म्हणून वागवलं. ती गप्प पडून राहिली. दोन श्वास, तीन श्वास.

मग तिला समोरचा पडदा दिसला. त्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती. वेडीवाकडी, मधेच थांबणारी, मधेच तीन ठोके एकदम टाकणारी. पाय मुरगळलेलं वासरू पळावं तशी. खाली लिहिलं होतं, सुगलाबाई कोरे. रिक्षातल्या पाच मिनिटांची ती रेघ पडदा परत परत दाखवत होता. निलव्वाचं काळीज इथं तिच्या डोळ्यापुढं धडपडत होतं, आणि निलव्वा बाहेर बाकावर बसली होती.

सिस्टरनं इंजेक्शन भरलं. पूर्वी सिस्टर आधी नाडीला बोटं लावायच्या. आता पडदा सांगतो.

"हे काय करायलाय?"

"ठोके हळू करायचे आहेत. एकदम बरं वाटेल."

ज्याचे ठोके धावतायत त्याचे हळू होतील. ज्याचे सरळ आहेत त्याचे? सुगलाबाई शाळेत दोन यत्ता गेली होती, पण एवढं तिला कळलं. ओरडावं तर सगळ्यांना कळतंय, न ओरडावं तर इथं एक मरतेय आणि बाहेर एक. सुईचं टोक नळीला लागलं.

"टोचू नका!" ती अशी ओरडली की बाहेरची रांग काचेला येऊन चिकटली. "ते काळीज माझं न्हाई! कडं माझं, काळीज तिचं हाय! बाहेर बसलीया ती, निलव्वा, बारीक बाई. म्या दिलं तिला घालायला. अकरा महिने दिलंय! मला भ्या वाटत होतं तुमच्या पाटाचं!"

पडद्यामागच्या खोलीतनं डॉक्टरीण धावत आली. डॉ. शहनाज बागवान. चाळिशीची, चष्मा कपाळावर. तिनं आधी सिस्टरचा हात बाजूला केला, मग सुगलाबाईचं मनगट धरलं, तीन बोटं लावली आणि घड्याळाकडं बघत राहिली.

"शंभर. भीतीनं. पण ताल सरळ आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "कुठं आहे ती?"

सुगलाबाईनं नाकातली नळी, हातातली सुई ओढून काढली आणि स्वतःच धावली.

बाक रिकामा होता.

"बारीक बाई? हिरवं लुगडं?" वॉचमन म्हणाला. "पाणी कुठं मिळतं विचारत मागं गेली."

इमारतीच्या मागं सिमेंटची टाकी होती. निलव्वा तिथं नळाला धरून उकिडवी बसली होती. तोंडाला फेस होता, गुलाबीसर. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती. सुगलाबाईला बघून तिच्या डोळ्यात जीव आला.

"सोडलं... व्हय तुला? काय... म्हणले?"

"गप. गप बस निले."

सुगलाबाईनं तिला उचललं. स्ट्रेचरची वाट बघितली नाही. तीस वर्षं काठवटीवर पीठ तिंबलेले हात होते ते, खांदे होते, भक्कम पाय होते. त्या मोठ्या अंगात किती ताकद आहे हे आजवर कुठल्या पाटानं मोजलं नव्हतं. लेकराला घ्यावं तसं तिनं निलव्वाला छातीशी धरलं आणि पुढच्या दाराला आली. डॉक्टरीण मागनं पळत होती. दारात पाट होता. त्याला चुकवून जायला जागा नव्हती.

"वजन एकशे सेहेचाळीस किलो," मास्तरीण म्हणाली. "ओळख पटत नाही. आदर्श वजनापेक्षा अठ्ठ्याऐंशी किलो अधिक. कृपया उपदेश ऐकावा. अतिरिक्त वजनामुळे हृदयविकार, मधुमेह..."

"दार उघड!"

"...सांधेदुखी, तसेच निद्रानाश संभवतो. आहारात तेलाचे प्रमाण..."

निलव्वाची मान सुगलाबाईच्या खांद्यावर कलली.

"समजलं!" सुगलाबाई किंचाळली. "समजलं, समजलं, समजलं!"

"उपदेश पूर्ण झाल्यावर कृपया..."

डॉक्टरीण पोचली. भिंतीवर काचेआड एक तांबडा दांडा होता, आग लागल्यावर ओढायचा. तिनं पायातली चप्पल काढली, काच फोडली आणि दांडा ओढला. सगळं गप्प झालं. दार हातानं ढकलावं लागलं. वॉचमननं, रांगेतल्या चौघांनी मिळून ढकललं.

दीड तास सुगलाबाई बाहेर बसली होती. मांडीवर पिठानं भरलेलं कडं, सिस्टरनं आणून दिलेलं. मल्लिनाथला फोन करावा हेही सुचलं नाही. रांगेतली माणसं तिच्याकडं बघत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

डॉक्टरीण येऊन शेजारी बसली. चष्मा पुसला.

"जिवंत आहे. पाणी काढलं थोडं, ताल जरा आवरलाय. मोठ्या रुग्णालयाची गाडी बोलावलीय." मग साधं करून सांगितलं, की काळजात रक्ताला आतबाहेर करायला दारं असतात, झडपा. लहानपणी सांधे सुजून ताप येतो काही पोरांना, तो उतरतो, पण जाताना एखादं दार आकसून जातो. बिजागरी गंजावी तसं. पुढं वीस-तीस वर्षांनी दम लागायला लागतो. "फुग्यानं उघडता येतं ते दार. पण आधी हे दोन दिवस निघायला हवेत. मी खोटं सांगणार नाही तुम्हाला."

"अकरा महिने कडं बघत होतं की, बाई. शाबास म्हणत होतं."

"हो." डॉक्टरणीनं चष्मा परत कपाळावर सारला. "वजन कमी आणि नाडी जलद, म्हणजे चालणं भरपूर. तसं शिकवलंय त्याला. शिकवणाऱ्यात आम्ही डॉक्टरच होतो."

सुगलाबाईनं मान खाली घातली. आता माझी पाळी, तिला वाटलं. आता बोलणार. बोलू दे. आज काय बोलायचं ते बोलू दे.

"तुमचं काय दुखतं?" डॉक्टरणीनं विचारलं.

सुगलाबाईला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. "माझं?"

"अकरा महिने ते तिचं ऐकत होतं. तुमचं कुणीच ऐकलं नाही. म्हणून विचारते."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला आणि बंद झाला. निलव्वाला गाडीकडं नेत होते. ते दिसेनासं होईपर्यंत सुगलाबाई बघत राहिली. मग जे नवऱ्याला नाही, लेकीला नाही, ते तिनं या अनोळखी बाईला सांगितलं.

"दुखत न्हाई, हेच तर. तळपायाला काही लागतच न्हाई. गेल्या सोमवारी चुलीतला निखारा पडला होता खाली, त्यावर पाय ठेवून उभी होते. वास आला तवा कळलं."

डॉक्टरीण खाली वाकली. स्वतःच्या हातानं तिची चप्पल काढली. तळव्याला बांधलेलं फडकं सोडलं. बघितलं. भाजलेलं काळं पडून आत उतरलं होतं. उपदेश नाही, एक शब्द नाही. सुगलाबाईला वाटलं, ही बोलली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरणीनं तिच्या मांडीवरचं कडं उचललं, पीठ झटकलं, आणि सुगलाबाईच्या मनगटात चढवलं. अकरा महिन्यांनी पहिल्यांदा. मनगट जाड, रबर ताणून कसंबसं बसलं. हिरवा दिवा लागला. कडं नेहमी पाच मोजेपर्यंत बोलायला लागायचं. सगळ्या बायांना ते पाठ होतं.

पाच झाले. दहा झाले. दिवा तिच्या कातडीतनं आत बघत होता, बघतच होता. डॉक्टरणीनं खिशातला, कड्याचा हिशेब दाखवणारा छोटा पडदा काढला आणि तिच्या नजरेआड धरून वाचायला लागली. वाचता वाचता तिनं कपाळावरचा चष्मा डोळ्यावर ओढला.

"बाई," सुगलाबाईनं विचारलं, "हे बोलत का न्हाई?"